कशावाचून अडलं नाही : 'सुहेली'चे ३१२ दिवस

सप्टेंबर १९६८चा पहिला आठवडा. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाखालचा समुद्र. जेमतेम दहा मीटर लांबीच्या 'सुहेली' या लाकडी शिडाच्या बोटीला रात्री लाटेने आडवं पाडलं. आत झोपलेला एकटा माणूस दचकून जागा झाला तो डब्यांच्या, कपड्यांच्या आणि हत्यारांच्या ढिगाखाली. बोट आपली आपण उभी राहिली. दोन्ही डोलकाठ्या जागेवर होत्या. पण केबिनचं छप्पर सांध्यात हललं होतं आणि वाऱ्याच्या रोखाने सुकाणू सांभाळणाऱ्या यंत्राला मार बसला होता. पुढच्या काही दिवसांत लक्षात आलं, की टाक्यांमधलं पिण्याचं पाणीही नासलंय.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा २९ वर्षांचा होता. ब्रिटिश व्यापारी जहाजावरची नोकरी, गाठीला बेताचे पैसे आणि डोक्यात एकच गोष्ट: कुठेही न थांबता, कुणाचीही मदत न घेता, एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करायची. असं तोवर कुणी केलं नव्हतं. फ्रान्सिस चिचेस्टर १९६६-६७मध्ये एकट्याने फिरून आला होता, पण सिडनीला थांबून. उरली होती ती 'न थांबता'ची अट. लंडनच्या 'संडे टाइम्स'ने त्यावर स्पर्धा लावली. पहिला परतेल त्याला सोन्याचा गोल, सर्वांत कमी दिवसांत करेल त्याला ५,००० पौंड. निघायची मुदत १ जून ते ३१ ऑक्टोबर १९६८. नऊ जण निघाले.

पाणी नासलं तेव्हा निघून सुमारे ८० दिवस झाले होते. पुढे अजून २२०-२३० दिवस होते. माणसाला प्यायला आणि रांधायला मिळून रोज दोन लिटर धरले, तरी साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी हवं. हाताशी होतं ते सुट्या डब्यांमधलं थोडं पाणी आणि पेयांचे डबे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, आणि ते बाहेर टाकायला मूत्रपिंडाला त्याहून जास्त गोडं पाणी लागतं. म्हणजे चहूकडे पाणी असून त्यातलं घोटभरही उपयोगाचं नाही. उत्तरेला केपटाऊन काही दिवसांच्या अंतरावर होतं. तिथे गेला असता तर कुणी नावं ठेवली नसती. तो गेला नाही.

मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते या 'गेला नाही'मुळे, पण शौर्याच्या अंगाने नव्हे. त्याने मांडलेला हिशोब बघण्यासारखा आहे. प्रवास पुरा करायला काय काय लागेल, अशी यादी त्याने केली नाही. आज, इथे, कशाकशावाचून आपलं अडणार नाही, एवढंच त्याने पाहिलं. टाक्या गेल्या, पण मोठं शीड आहे. शिडावर पडलेला पाऊस निथळून बूमपाशी, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या काठीपाशी, येतो, तिथे बादली लटकवता येते. पुढचा सगळा पट्टा पावसाचा. हातातलं पाणी संपेपर्यंत तसं पाणी जमलं तर पुढे जायचं, नाही जमलं तर ऑस्ट्रेलिया आहेच. पुढच्या सात महिन्यांत एकेक गोष्ट मोडत गेली, आणि दर वेळी त्याने हेच गणित नव्याने मांडलं.

पावसाचं पाणी धरणं ऐकायला सोपं वाटतं. वादळी हवेत शिडावर खाऱ्या तुषारांचा थर बसलेला असतो, त्यामुळे पहिली सर शीड धुण्यातच जाते. ते पाणी सोडून द्यायचं, चव बघायची, मग बादली लावायची. सर मोठी असेल तर वाराही मोठा असतो, आणि नेमकं तेव्हाच शीड लहान करायची वेळ येते. म्हणजे एका हाताने दोर आवळा आणि दुसऱ्या हाताने बादली सांभाळा. बादली कलंडली की परत पहिल्यापासून.

मुंबईची बोट

'सुहेली' मुंबईत, कुलाब्यात बांधली गेली. सगळी सागवानी. नॉक्स-जॉन्स्टनची नोकरी तेव्हा याच बाजूच्या जहाजांवर होती. आराखडा विल्यम अ‍ॅटकिनचा 'एरिक', म्हणजे नॉर्वेच्या जुन्या बचावनौकांच्या घाटणीचा: दोन्ही टोकांना निमुळती, पोटाला रुंद, आणि पाण्याखाली पुढून मागपर्यंत गेलेला लांब कणा. नवीन, हलक्या, वेगवान बोटींपुढे हे ध्यान जुनाटच होतं. तासण्या आणि दोरीने फिरवायचे सामते घेऊन इथल्या सुतारांनी ती घडवली आणि डिसेंबर १९६४मध्ये नारळ फोडून पाण्यात लोटली. आखातातले अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला सुहेली म्हणतात, त्यावरून नाव. सुहैल हे अगस्त्य ताऱ्याचंही अरबी नाव आहे. आपला अगस्ती समुद्र पिऊन गेला होता. त्याच्या नावाच्या बोटीत माणूस गोड्या पाण्याचे थेंब मोजत बसला, ही गंमत मला फार आवडते.

तो, त्याचा भाऊ आणि एक मित्र असे तिघे ही बोट मुंबईहून इंग्लंडला घेऊन गेले. वाटेत पैसे संपले म्हणून आफ्रिकेत थांबून कामं केली. शेवटचा टप्पा, केपटाऊन ते इंग्लंड, न थांबता सुमारे अडीच महिन्यांचा. या प्रवासात तिचं काय दुखतं, काय खुपतं हे त्याला कळून चुकलं. पृथ्वीप्रदक्षिणेसाठी मोठी नवी बोट बांधायचा त्याचा बेत होता, पण पैसे उभे राहिले नाहीत. तेव्हा 'सुहेली'वाचून पर्याय नव्हता. १४ जून १९६८ला, शुक्रवारी, तो इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाला. दर्यावर्दी लोक शुक्रवारी निघत नाहीत, पण या माणसाला पंचांग बघायला फुरसत नव्हती.

पाण्याखालची शिवण

केप वर्द बेटांच्या आसपासच बोटीत पाणी भरायला लागलं. पंप रोजच्यापेक्षा जास्त वेळ चालवावा लागे. समुद्र शांत होता तेव्हा त्याने बुडी मारून पाहिलं. मुख्य डोलकाठीच्या खाली, कणा आणि पहिली फळी यांच्यामधला सांधा दोन्ही बाजूंनी उघडला होता. फट चांगली सात-आठ फूट लांब. बोट हलेल तशी ती उघडझाप करत असणार.

अशी फट गोदीत बोट वर काढून, कोरडी करून, कापूस ठासून बुजवतात. इथे ती पाण्याखाली पाच फुटांवर, एका श्वासात जेवढं होईल तेवढं. शार्कना गोरं अंग लांबून दिसू नये म्हणून त्याने गडद सदरा आणि जीन्स चढवली, हातोडी दोरीने खाली सोडली आणि कापूस ठोकायला घेतला. ठोकलेला कापूस तो श्वास घ्यायला वर येईस्तोवर सुटून यायचा. अर्धा तास असा वाया गेल्यावर त्याने डोकं लावलं. बोटावर मावेल एवढ्या रुंदीची लांब कॅनव्हासची पट्टी कापली, कापूस तिच्यावर शिवून टाकला, डांबर फासलं, आणि तांब्याचे खिळे आधीच पट्टीत टोचून घेतले. आता खाली गेल्यावर काम एकच: पट्टी फटीवर धरायची आणि खिळे ठोकत जायचं. त्यावर संरक्षणाला तांब्याची पट्टी. मध्ये कॉफी प्यायला वर आला असताना एक शार्क घिरट्या घालताना दिसला. त्याने बंदूक काढून त्याला मारलं, रक्ताच्या वासाने आणखी कुणी येतंय का ते पाहत थोडा वेळ थांबला आणि परत पाण्यात उतरला. दुसऱ्या बाजूचं काम समुद्र पुन्हा शांत होईपर्यंत दोन दिवस थांबलं.

इथे शार्कपेक्षा मला ती पट्टी मोठी वाटते. पाण्याखाली जे काम होत नाही ते डेकवर, कोरड्यात, सुई-दोऱ्याने उरकून घ्यायचं, आणि खाली फक्त शेवटचं ठोकणं ठेवायचं. लांबच्या प्रवासात रोज हेच करावं लागतं. हलत्या बोटीवर कुठलंही काम जमिनीवरच्यापेक्षा तिप्पट वेळ खातं, कारण एक हात कायम स्वतःला धरून ठेवण्यात गुंतलेला असतो. चहा करायचा तर कप ठेवायला जागा आधी शोधायची, मग पाणी ओतायचं. काम सुरू करण्याआधी ते मनात एकदा पुरं करून बघायची सवय ज्याला नसते, त्याच्या हातातला पाना समुद्रात जातो.

दिवस कसा जातो

वादळं लिहून ठेवली जातात, बाकीचे दिवस विसरले जातात. ३१२ दिवसांतले बहुतेक दिवस 'बाकीचे' होते.

सकाळी उठल्यावर आधी डेकवर एक फेरी. कुठे दोर घासला गेलाय, कुठली शिवण उसवतेय, कुठली पिन बाहेर सरकतेय. शिडाची शिवण बोटभर उसवलेली दिसली आणि आज टाका घातला नाही, तर उद्या हातभर फाटलेली सापडते. मग पंप. मग नाश्ता. मग सूर्य. तेव्हा उपग्रहावरून जागा सांगणारं काही नव्हतं. सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजायची, घड्याळातली अचूक वेळ टिपायची आणि पंचांगाच्या कोष्टकांवरून आकडेमोड करायची. उंचीत एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक झाली की जागा एक सागरी मैलाने, म्हणजे १,८५२ मीटरने चुकते. घड्याळ चार सेकंद पुढे-मागे असेल तर विषुववृत्तावर रेखांश तेवढाच, एका मैलाने सरकतो. बोट डोलत असताना, क्षितिज लाटांआड लपत असताना ही उंची घ्यायची. दुपारी नकाशावर टिंब टाकलं की दिवसाला अर्थ येतो. कालच्या टिंबापासून आजचं शंभर मैल पुढे असलं तर माणूस खुशीत, चाळीसच असलं तर स्वयंपाकातही मन लागत नाही.

पूर्ण प्रवासाची सरासरी काढली तर ३०,१२३ मैल भागिले ३१२ दिवस, म्हणजे दिवसाला ९६-९७ मैल, ताशी चारच्या आसपास. सायकलवाला सहज मागे टाकेल. या वेगाने माणूस दहा महिने पुढे सरकत राहिला.

वारा पडला आणि ऊन असलं की तो पोहायचा. पोहायची पद्धतही त्याचीच. पुढच्या टोकावरून उडी मारायची, जीव खाऊन बोटीबरोबर पोहायचं, आणि बोटीचं मागचं टोक शेजारी आलं की पाण्यात सोडलेला दोर पकडून वर चढायचं. दोर हुकला असता तर बोट थांबवायला वर कुणी नव्हतं. हे वाचून मला शहारा आला होता. पण व्यायाम, आंघोळ आणि करमणूक तिन्ही त्यात उरकत असत हेही खरं.

उष्ण पट्ट्यातलं हे सुख दक्षिणेत गेल्यावर संपतं. तिथे छळ करते ती ओल. समुद्राच्या पाण्याने भिजलेला कपडा कधीच पुरता वाळत नाही, कारण मागे राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं. गोड्या पाण्यात खळबळून काढला तर वाळेल, पण गोडं पाणी प्यायलाच पुरवून पुरवून वापरायचं. अंथरूण ओलं, पुस्तकं ओली, आगपेटी ओली. मनगटावर, मानेवर, बुडाखाली मिठाचे फोड येतात. अशात कोरडे मोजे ही बोटीवरची सर्वांत मोठी श्रीमंती असते. ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कुणी न मागता लपवून ठेवायचे असतात, एकटा असलास तरी.

झोपेचं वेगळंच. चार-सहा जणांची बोट असेल तर पाळ्या लागतात, तीन-चार तास पहारा आणि तेवढीच झोप, आणि आठवडाभरात शरीर ते पत्करतं. एकट्याला पाळी बदलायला कोण? वर्दळीच्या पाण्यात एकटे खलाशी वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या घेतात, कारण क्षितिजावर दिसू लागलेलं जहाज साधारण तेवढ्या वेळात अंगावर येऊ शकतं. दक्षिण महासागरात जहाजंच नव्हती, त्यामुळे तो जास्त वेळ झोपू शकला. पण ती झोप कान उघडे ठेवून घ्यायची. आत पडल्यापडल्या लाकडाची करकर, पाण्याची सळसळ, दोराचा ताण ऐकू येतो. वारा जरासा फिरला की हे सगळे आवाज बदलतात आणि माणूस उठून बसतो. का उठलो, हे त्याला बाहेर डोकावल्यावर कळतं.

डोळ्याची गोष्ट याच काळातली. बॅटऱ्या तपासताना बोटीने झोका दिला आणि आम्ल उडून एका डोळ्यात गेलं. त्याने डोळा धुतला, औषध घातलं, आणि डर्बनकडे वळावं का याचा विचार केला. वळला नाही. कशावाचून अडणार नाही या यादीत त्याने इथे चक्क एक डोळा धरला. ही मला समजूतदारपणाची हद्द ओलांडलेली वाटते. डोळा वाचला, म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही.

पुस्तकाची तीन पानं

बॅटऱ्या भरायच्या छोट्या इंजिनाची ठिणगी बिघडली. दुरुस्तीत धातूच्या दोन टोकांमधली फट नेमकी ठेवावी लागते, इंचाच्या हजारांश भागांत. ती मोजायची पात्यांची पट्टी हाताशी नव्हती. त्याने एक पुस्तक घेतलं आणि इंचभर जाडीत किती पानं बसतात ते मोजलं. २०० बसली. म्हणजे एक पान इंचाचा ५ हजारांश भाग. १५ हजारांशांची फट हवी तर तीन पानं एकत्र धरून मध्ये घालायची. इंजिन चालू झालं.

अवजार गेलं की बहुतेकांना वाटतं, ते अवजार हवं. खरं तर हवं असतं ते माप. हा फरक ज्याला कळतो त्याच्याबरोबर मी समुद्रावर जाईन.

सुकाणूवाचून

बोटीला वाऱ्याशी ठरावीक कोनात चालवत ठेवणारं यंत्र हा एकट्या खलाशाचा दुसरा माणूस. वाऱ्याने फिरणारं पातं खालच्या छोट्या सुकाणूला वळवतं, बोट वाकडी गेली की सरळ करतं, आणि त्याला ना झोप लागते ना भूक. नॉक्स-जॉन्स्टनने त्याचं नाव 'अ‍ॅडमिरल' ठेवलं होतं. मागची डोलकाठी मध्ये येत असल्यामुळे ते दोन्ही बाजूंना नळ्यांचा सांगाडा काढून बसवावं लागलं होतं, आणि ते पहिल्यापासून नाजूकच राहिलं. आडवं पडल्यावर ते जोडलं, पुन्हा तुटलं, पुन्हा जोडलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, ते कायमचं गेलं. सुटे भागही संपले होते.

इथे कुणीही म्हणेल, आता बस. अर्धी पृथ्वी बाकी, आणि पुढे पॅसिफिक. दिवसाचे चोवीस तास सुकाणूच्या दांड्याशी कोण बसणार?

आणि इथे तो जुनाट आराखडा कामी आला. लांब कण्याची बोट सरळ रेषेत जायला हट्टी असते. शिवाय 'सुहेली'ला दोन डोलकाठ्या, म्हणजे पुढच्या शिडांनी नाक वाऱ्यापासून लांब ढकलायचं आणि मागच्या शिडाने ते परत वाऱ्याकडे आणायचं. दोन्हींचं जमलं की सुकाणू बांधून टाकता येतं. कुठलं शीड किती ढिलं, किती ताणलेलं, दांडा किती अंशात बांधलेला, हे त्याने वाऱ्याच्या निरनिराळ्या दिशांना जुळवून पाहिलं. आधीच्या प्रवासातून त्याला तिचा स्वभाव ठाऊक होता. बहुतेक दिशांना ती स्वतःची स्वतः चालायला लागली. वारा नेमका पाठीमागून आला की मात्र जुळत नसे. तेव्हा तासन्‌तास हाताने सुकाणू धरायचं, आणि झोप आवरेना झाली की शिडं उतरवून झोपायचं. मैल जातात ते जाऊ द्यायचे.

वादळातही त्याने असाच एक मार्ग काढला. जाड दोराचं लांबलचक वेटोळं दोन्ही टोकं बोटीला बांधून मागे समुद्रात सोडायचं. त्या ओढीने बोटीचं मागचं टोक लाटांकडे राहतं आणि ती घसरगुंडीसारखी लाटेवरून सुसाट सुटत नाही. पुढे एक छोटं वादळी शीड मध्यावर घट्ट बांधायचं. एवढं केलं की दरवाजा लावून आत पडून राहायचं. दोन्ही टोकांना निमुळत्या बोटीचं मागचं अंग लाटेला दुभागतं, म्हणून हे तिच्यावर जमलं. सपाट, रुंद पाठीच्या बोटीवर जमलं असतं, असं मला वाटत नाही.

रेडिओचा ट्रान्समीटर ऑस्ट्रेलिया येण्याआधीच मुका झाला होता. ८ नोव्हेंबरला मेलबर्नबाहेर पायलट बोटीकडे त्याने पत्रं आणि वही टाकली. न्यूझीलंडच्या ओटागोपाशी बोट वाळूत रुतली. मदत घेतली तर बाद, म्हणून भरतीची वाट पाहत त्याने स्वतःच नांगर टाकून ती ओढून काढली. तिथे भेटायला आलेल्या एका पत्रकाराने नियम वाचून दाखवला, की बाहेरून टपालसुद्धा बोटीवर घेता येणार नाही. घरची पत्रं हाताच्या अंतरावर असून वाचता न येणं ही अट कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली असेल, देव जाणे.

त्यानंतर एप्रिलपर्यंत तो जिवंत आहे की नाही, हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं.

त्याला मात्र जगाचं थोडंबहुत कळत होतं, कारण बोलता येत नसलं तरी ऐकता येत होतं. १९६८च्या नाताळात तो पॅसिफिकमध्ये होता, आणि त्याच वेळी अपोलो ८ मधले तीन जण चंद्राभोवती फिरत होते. ती बातमी त्याने रेडिओवर ऐकली. ते तिघे चंद्रापाशी असून पृथ्वीशी बोलत होते. हा पृथ्वीवरच होता आणि याचा पत्ता कुणाला नव्हता.

१७ जानेवारी १९६९ला त्याने दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न ओलांडलं. मग अटलांटिक, उत्तरेकडे, घराकडे. आता सोपं, असं वाटायच्या वेळी पोटात दुखायला लागलं. त्याने वैद्यकाचं पुस्तक उघडलं आणि पुस्तक उघडणाऱ्या प्रत्येकाचं होतं तेच झालं: आपल्याला अपेंडिक्स आहे अशी त्याची खात्री पटली. सर्वांत जवळचं मोठं बंदर ब्राझीलमधलं बेलें, तेही शेकडो मैलांवर. शेवटी निघालं अपचन. नऊ महिने डब्यातलं मांस खाणाऱ्या पोटाने एवढी तक्रार करावी हे रास्तच म्हणायचं. पण हसताना एक लक्षात घ्यायला हवं: आडवी पडलेली बोट, नासलेलं पाणी, तुटलेलं सुकाणूयंत्र, यातल्या कशानेही त्याला एवढं घाबरवलं नव्हतं. बोटीत बिघाड झाला तर तो हात घालू शकत होता. स्वतःच्या पोटात घालू शकत नव्हता.

एप्रिलच्या सुरुवातीला अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळ एका तेलवाहू जहाजाने त्याला ओळखलं आणि बातमी पोचली. २२ एप्रिल १९६९ला तो फाल्मथला लागला. बोटीवर चढलेल्या कस्टमच्या अधिकाऱ्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, कुठून आलात? तो म्हणाला, फाल्मथहून. निघण्याआधी त्याची मानसिक तपासणी झाली होती, परतल्यावर पुन्हा झाली. दोन्ही वेळा निष्कर्ष तोच: ठार नॉर्मल.

या प्रकरणातून काय काढता येत नाही

नवांपैकी हा एकटाच पोचला, म्हणून याचं सगळं बरोबर आणि बाकीच्यांचं चूक, असं मांडणं सोपं आहे. बर्नार मोआतेसिए त्याच्याहून सरस खलाशी होता, त्याची पोलादी बोटही वेगवान होती, आणि तो जिंकण्याच्या बेतात असताना त्याने शर्यतच सोडली. युरोपकडे न वळता तो तसाच पुढे गेला आणि जून १९६९मध्ये ताहितीला उतरला. त्याचं कशावाचूनही अडलं नाही, बक्षिसावाचूनही नाही. नायजेल टेटलीची तीन सांगाड्यांची बोट पृथ्वीला वळसा घालून अटलांटिकमध्ये परतली आणि मे महिन्यात, घर हाकेच्या अंतरावर आल्यावर, मोडून बुडाली. तो वाचला. आपल्या पाठीमागे याच स्पर्धेतला डोनाल्ड क्रोहर्स्ट येतोय या समजुतीने तो बोट ताणत होता, आणि क्रोहर्स्ट मुळात अटलांटिकच्या बाहेर गेलाच नव्हता. खोट्या जागा कळवत होता. त्याची रिकामी बोट १० जुलैला सापडली. ५,००० पौंडांचं बक्षीसही मग नॉक्स-जॉन्स्टनकडेच आलं, आणि त्याने ते क्रोहर्स्टच्या बायकोमुलांना दिलं.

दुसरं, त्याच्या अडचणींपैकी काही त्याच्याच होत्या. सांधा उघडू शकतो, हे आधीच्या प्रवासानंतरच कळायला हवं होतं. सुकाणूयंत्राची नाजूक रचना किनाऱ्यावरच दिसत होती. पैसा आणि वेळ नव्हता हे खरं. पण महिनोन्‌महिने तो जे दुरुस्त करत बसला, त्यातलं थोडं गोदीत चार दिवसांत झालं असतं.

तिसरी गोष्ट पन्नास वर्षांनंतरची. २०१८मध्ये त्या शर्यतीच्या आठवणीत तशीच शर्यत पुन्हा लावली गेली, जुन्या पद्धतीच्या बोटी आणि सेक्स्टंट घेऊन. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी त्यात उतरले. त्यांची 'तुरिया' गोव्यात बांधलेली, 'सुहेली'चीच प्रतिकृती. २०१२-१३मध्ये त्यांनी एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केलेली होती, म्हणजे अनुभवाची उणीव नव्हती. २१ सप्टेंबर २०१८ला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने बोट उलटवली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. उठता येईना, चालता येईना. दुरुस्त करायला बोटीवर बरंच काही असेल, पण करणाऱ्या हातांपर्यंत पोचायला पाठ लागते. त्यांच्याकडे उपग्रहावरून छोटे संदेश पाठवायचं यंत्र होतं. त्यावरून त्यांनी कळवलं, की चालता येत नाही, स्ट्रेचर लागेल. नौदलाच्या विमानाने बोट शोधली. २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच मच्छीमारी गस्तीच्या जहाजाची माणसं छोट्या होडीतून 'तुरिया'वर चढली आणि त्यांना उचलून घेऊन गेली.

सप्टेंबर १९६८मध्ये, आफ्रिकेच्या दक्षिणेला, 'सुहेली' आडवी पडली तेव्हा बंकवरून फेकला गेलेला माणूस डब्यांच्या ढिगातून उठला आणि आधी वर जाऊन डोलकाठ्या आहेत का ते पाहून आला.